घासून टाकायचा तो थर चढवायचा कशाला? (पल्स प्लेटिंग आणि ग्रेडेड कोटिंग)

टाकीवाला, भोसरी:
गेल्या महिन्यात पीएचडी करणारा एक मुलगा शॉपवर आला होता. त्याचं म्हणणं असं: निकेल प्लेटिंगच्या टाकीत सिलिकॉन कार्बाइड या कडक सिरॅमिकची नॅनो पावडर सोडा, सरळ डीसीऐवजी पल्स, म्हणजे चालू-बंद होणारा करंट द्या, आणि ड्यूटी सायकल (करंट चालू राहण्याचं प्रमाण) हळूहळू बदलत न्या. पोलादाला लागून निव्वळ निकेल बसतं, वर जावं तसं सिरॅमिक वाढतं. यालाच म्हणे फंक्शनली ग्रेडेड नॅनोकॉम्पोझिट. मुलगा हुशार आहे. पण माझं मत, पल्स ठीक, ग्रेडियंट, म्हणजे सिरॅमिकचा हा चढ, ही कागदावरची चैन. शाफ्टवर ५० मायक्रॉन चढवतो आणि ग्राइंडिंगला १५ उतरवतो. ज्या थरासाठी एवढा खटाटोप केला, नेमका तोच चाकाखाली जातो!

तोच मुलगा:
काका, शेवटपर्यंत चढच हवा असं कुठे आहे? पहिले २० मायक्रॉन चढ ठेवा, वरचे ३० एकसारखे. १५ घासले तरी भरपूर सिरॅमिकचे १५ उरतात. सरासरी ४ अँपिअर प्रति चौरस डेसिमीटरला निकेल तासाला साधारण ५० मायक्रॉन बसतं, म्हणजे चढाला लागली २४ मिनिटं. आणि खालचं निव्वळ निकेल उगाच नाही. तापल्यावर निकेल आणि पोलाद जवळपास सारखं पसरतं, सिलिकॉन कार्बाइड त्याच्या एक तृतीयांश. सांध्यावर ताण येतो, पापुद्रा तिथूनच सुटतो.

जुना प्लेटर:
हा हिशेब मला पटत नाही. निकेलचा प्रसरणाचा आकडा (दर अंशाला दशलक्षात) १३, पोलादाचा १२, कार्बाइडचा ४. कोटिंगमध्ये सिरॅमिक ५ टक्के धरा. सरासरी काढली तर येते साडेबारा, म्हणजे मिश्रण पोलादाच्या आणखी जवळ गेलं की! पापुद्रा सुटतो तो डिग्रीसिंग (तेल काढणं) आणि अ‍ॅक्टिव्हेशनमध्ये (अ‍ॅसिडने पृष्ठभाग साफ करणं) हात आखडता घेतल्यामुळे. शिवाय माह्ले या जर्मन कंपनीचं निकासिल कोटिंग १९६७ पासून आहे. निकेलमध्ये कार्बाइडचे कण, तेही नॅनो नव्हे, मायक्रॉनमधले, आणि चढबिढ काही नाही. वरून होनिंग (बारीक दगडाने घासणं) केलं की इंजिनचा सिलिंडर तयार.

तोच मुलगा:
प्रसरणाचा मुद्दा मागे घेतो, ५ टक्क्यांना तो लागू पडत नाही. पण कण वाढले की थर कडक होतो तसा ठिसूळही होतो. धक्का बसला की वरची चीर खाली मऊ निकेलपाशी अडते, ग्रेडियंट हवा तो त्यासाठी. आणि निकासिलचं म्हणाल तर सिलिंडरच्या भिंतीला नुसती घासण आहे. हायड्रॉलिक रॉडला वाकही सोसावा लागतो.

केमिस्ट बाई, चाकण:
ग्रेडियंटवर भांडताय, आधी पावडर टाकीत तरंगती ठेवून दाखवा. लिटरला २५०-३०० ग्रॅम निकेल सल्फेट असतं. एवढ्या क्षारात कणांवरचा विद्युतभार झाकला जातो, ते एकमेकांना चिकटतात आणि सकाळी तळाला गाळ. कण सुटे ठेवायला सर्फॅक्टंट (साबणासारखा पदार्थ) घातला तर कार्बन ट्रीटमेंटमध्ये, म्हणजे कोळशाने टाकी साफ करताना, तोच आधी जातो. फिल्टर चालू ठेवला तर गुठळ्या त्याच्या कार्ट्रिजमध्ये, बंद ठेवला तर कचरा जॉबवर (प्लेटिंगच्या वस्तूवर). गुठळी बसली की ती नॅनो राहत नाही, नुसता खडा होतो. पेपरमध्ये अर्ध्या लिटरचा बीकर आणि चपटा तुकडा असतो, इथे की-वे (चावीची खाच) असलेला शाफ्ट येतो. कडेला करंट जास्त, खाचेत कमी, म्हणजे एकाच जॉबवर दोन वेगळे ग्रेडियंट.

रेक्टिफायरवाला:
खर्चाचंही बोला. २० टक्के ड्यूटीला सरासरी ८० अँपिअर हवे असतील तर पीक ४०० लागतो. डीसीला ८० चा रेक्टिफायर (टाकीला करंट देणारं यंत्र) पुरला असता. त्यात केबल लांब असली तर पल्सचा चौकोन टाकीपर्यंत पोचेस्तोवर डोंगर होतो. दोन्ही केबल एकमेकींना चिकटवून, आखूड ठेवा. हे मात्र कोणी सांगत नाही.

टाकीवाला, भोसरी:
बाईंचं बोलणं झोंबलं, पण खरं आहे. तरी पोराचा चिरेचा मुद्दा डोक्यातून जात नाही. हार्ड क्रोम प्लेटिंगचं हेक्साव्हॅलंट (विषारी क्रोमियम) आज ना उद्या सोडावंच लागणार, तेव्हा हातात काहीतरी हवं. माझ्या मोठ्या टाकीत पावडर पडू देणार नाही. गुरुवारी शॉप बंद असतं, ५० लिटरची टाकी मोकळी आहे. ये, एकाच रॉडचे तीन तुकडे कर: एक साधा डीसी, एक एकसारखा पल्स, एक तुझा चढाचा. घासून, वाकवून बघू. की-वे असलेला तुकडा मी देतो.