चित्रकथेतील पात्रांच्या डोळ्यांत बदाम, भोवरा आणि फुली का काढतात?

केळीपट्टा_चित्रकला (रावेर तालुका) यांचा प्रश्न

नमस्कार. मी रावेर तालुक्यातील एका शाळेत चित्रकला शिकवते. इयत्ता नववीतील एका विद्यार्थिनीने स्वतःहून चार चौकटींची चित्रकथा काढून आणली आहे आणि तिच्याविषयी मला जाणकारांचे मत हवे आहे. पहिल्या चौकटीत केळीचा लगडलेला घड पाहणाऱ्या वडिलांच्या दोन्ही डोळ्यांच्या जागी रुपयाचे चिन्ह आहे. दुसरीत वादळ सुटते, तेव्हा डोळे पूर्ण पांढरे आहेत. त्यांत बुबुळही नाही आणि बाहुलीही नाही. तिसरीत सगळी बाग आडवी झालेली आहे आणि वडिलांचे डोळे म्हणजे केवळ दोन ठिपके आहेत. चौथ्या चौकटीत ते बांधावर बसलेले आहेत आणि तिथे मात्र मुलीने पापण्या, बुबुळ, खालची सुरकुती असे सर्व काही काळजीपूर्वक काढले आहे, फक्त डोळ्यांतली चमक काढलेली नाही.

ती जपानी अ‍ॅनिमे (कार्टूनपट) पाहते आणि मोबाइलवर मांगा (जपानी चित्रकथा) वाचते, एवढे मला ठाऊक आहे. वर्गातील इतर मुलेही वहीच्या मागच्या पानांवर बदामाचे, चांदण्यांचे, भोवऱ्याचे डोळे काढत असतात. आजवर मी त्यांना "डोळा नीट काढा" असेच सांगत आले, कारण एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांच्या तयारीत आम्ही डोळ्याचा आकार, पापणीची जाडी, प्रकाशबिंदू यांवर पुष्कळ वेळ देतो. ही चित्रकथा पाहिल्यापासून मात्र माझ्या मनात शंका आली आहे. हा आळस आहे, की मला वाचता न येणारी एखादी लिपी आहे?

धुळेकर_वाचक यांचे उत्तर

मॅडम, ही लिपीच आहे. मांगातील अशा चिन्हांना जपानीत 'मांपु' असे एकत्रित नाव आहे. कपाळावर फुगलेल्या शिरेची खूण म्हणजे राग, गालाजवळ घामाचा मोठा थेंब म्हणजे संकोच किंवा अवघडलेपण, आणि त्याच कुळातले हे डोळे. फरक इतकाच की घामाचा थेंब चेहऱ्याच्या शेजारी बसतो, तर ही चिन्हे थेट डोळ्याची जागाच घेतात.

आपल्या विद्यार्थिनीने पहिल्या चौकटीत केलेली गोष्ट 'वन पीस' वाचणाऱ्याला लगेच ओळखू येईल. 1997 पासून सुरू असलेल्या या मांगात नामी नावाच्या पात्राला खजिना दिसला की तिच्या डोळ्यांत तिथल्या 'बेली' या चलनाचे चिन्ह उमटते आणि सांजी या स्वयंपाक्याला सुंदर स्त्री दिसली की त्याचे डोळे बदाम होतात. मुलीने बेली न काढता रुपया काढला, म्हणजे तिने केवळ नक्कल केली नाही. युक्ती समजून घेऊन ती आपल्या बाजारात आणली. ('बदाम' म्हणताना मी पत्त्यांतला बदाम म्हणतो आहे. आपल्याकडे बदामी डोळे म्हटले की बदामाच्या बीसारखे निमुळते डोळे असाच अर्थ होतो आणि नवख्या माणसाचा इथे गोंधळ होऊ शकतो.)

भोवरा म्हणजे भोवळ किंवा बुद्धी चालेनाशी होणे. 'पोकेमॉन'मध्ये हरून पडलेल्या प्राण्याचे डोळे असेच दाखवतात. फुली म्हणजे बेशुद्धी. दोन कोन टोकाला टोक लावून समोरासमोर काढले की डोळे घट्ट मिटलेले आहेत असे वाचायचे, मग ते वेदनेने असोत की लाजेने. ते बाकीचा चेहरा ठरवतो. 'डोरेमॉन' पाहिलेल्या प्रत्येकाला आठवेल की चष्मा काढलेल्या नोबिताचे डोळे इंग्रजी तीनच्या आकड्यासारखे असतात. तिथे भावना नाही, अधू दृष्टी आहे, पण युक्ती तीच आहे.

एक भेद मात्र ध्यानात ठेवावा लागतो. डोळ्यात चिन्ह आहे म्हणजे भावनाच आहे, असे समीकरण नाही. 'नारुतो'मधील शारिंगान हा विशिष्ट डोळा उचिहा नावाच्या घराण्याच्या सामर्थ्याचे लक्षण आहे, आणि 'किमेत्सु नो याइबा'मधील बारा प्रमुख राक्षसांच्या डोळ्यांत कोरलेली अक्षरे त्यांची पायरी सांगतात. ती चिन्हे कथेतील इतर पात्रांनाही दिसतात. सांजीच्या डोळ्यांतला बदाम मात्र केवळ वाचकासाठी आहे. त्याच्या शेजारी उभे असलेले कोणी "तुझ्या डोळ्यांना काय झाले" असे विचारत नाही.

भुसावळ_ते_ओसाका यांचे उत्तर

नोकरीनिमित्त काही वर्षे ओसाकाला राहिल्यामुळे भाषेच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण माझ्या मते यातील खरी गंमत भाषेत आहे. हे डोळे म्हणजे चितारलेले वाक्प्रचार आहेत. जपानीत भोवळ येण्याला 'मे गा मावारु' म्हणतात, म्हणजे शब्दशः 'डोळे फिरतात'. चित्रकाराने ते शब्दशः खरे मानले आणि डोळ्यात भोवरा काढला. उलट दिशेचा प्रवासही झालेला आहे. 'मे गा तेन नि नारु', म्हणजे 'डोळ्यांचा ठिपका होणे', हा अवाक् होण्यासाठीचा रूढ प्रयोग मांगातील ठिपक्यांच्या डोळ्यांवरून बोलीत आला. म्हणजे आधी भाषेतून चित्र आणि मग चित्रातून भाषा.

आता आपल्या विद्यार्थिनीची दुसरी चौकट पाहा. मांगात पांढरे डोळे ही जबर धक्क्याची खूण आहे आणि तिची सर्वांत प्रसिद्ध उदाहरणे 1976 साली सुरू झालेल्या सुझुए मिउची यांच्या 'गारासु नो कामेन' या नाट्यविषयक मांगात सापडतात. पण हे शिकण्यासाठी खानदेशातील मुलीला जपानला जाण्याची गरज आहे का? आपणही 'डोळे पांढरे झाले' असेच म्हणतो. माझी आजी अहिराणीत डोळ्याला 'डोया' म्हणायची आणि तिच्या बोलण्यात हा प्रयोग मी असंख्य वेळा ऐकला आहे. डोळ्यांपुढे काजवे चमकणे, डोळे दिपणे, डोळ्यांत अंगार फुलणे हे सगळे चित्रे होण्याची वाट पाहणारे शब्द आहेत. मुलीला ती खूण परकी वाटली नसावी, याचे एक कारण हे असू शकते.

चांदण्यांच्या डोळ्यांचा उगम थोडा निराळा आहे. मांगाचे चित्रकार ओसामु तेझुका हे ज्या ताकाराझुका शहरात वाढले, तिथे सर्व भूमिका स्त्रियाच करणारी संगीत नाटक मंडळी आजही आहे. त्या रंगमंचावरील झगमगाट त्यांच्या 1953 साली सुरू झालेल्या 'रिबोन नो किशि' या मांगात उतरला. त्याच दशकात माकोतो ताकाहाशी यांनी मुलींच्या मासिकांसाठी काढलेल्या चित्रांत डोळ्यांतील प्रकाशबिंदूंना चक्क चांदण्यांचा आकार आला. म्हणजे मॅडम, आपण परीक्षेसाठी जो प्रकाशबिंदू शिकवता, तोच वाढत वाढत चिन्ह झाला. नेमका तोच बिंदू काढून घेतला की पात्र आतून विझले आहे असे वाचक समजतो. आपल्या चौथ्या चौकटीत चमक नाही, ती विसरलेली नसावी.

मांगाला हे सगळे का लागते, याचेही व्यावहारिक कारण आहे. साप्ताहिकाचा कागद साधा, छपाई बहुतेक काळी-पांढरी, चौकट लहान आणि वाचक पाने भराभर उलटणारा. गाल लाल करता येत नाहीत, मग डोळ्यावर भार पडतो. पुढे 1 जानेवारी 1963 रोजी तेझुकांचे 'तेत्सुवान आतोमु' दूरचित्रवाणीवर आले, तेव्हा खर्च आणि वेळ वाचवण्यासाठी कमीत कमी चित्रांत हालचाल दाखवण्याची पद्धत तिथे रुळली. अशा पद्धतीत एकच स्थिर चित्र जर मनाची पूर्ण अवस्था सांगत असेल, तर ते फार मोलाचे ठरते.

यावलचा_पालक यांचे उत्तर

माहिती उत्तम आहे, पण माझी एक प्रामाणिक हरकत नोंदवतो. माझा मुलगा सातवीत आहे. त्याला रडणारा माणूस काढायला सांगितला, तर तो दोन उभ्या धारा काढतो आणि मोकळा होतो. रडताना भुवया कशा होतात, ओठ कसा वळतो, हे त्याने पाहिलेलेच नाही. चिन्ह हाताशी आले की पाहणे थांबते, असा माझा अनुभव आहे. जपानी चित्रकारांना दोन्ही येत असेल. आमच्या मुलांना फक्त चिन्हच येते. म्हणून "डोळा नीट काढा" हा ताईंचा आग्रह मला चुकीचा वाटत नाही.

नंदुरबार_नाट्यवेडा यांचे उत्तर

हौशी रंगभूमीवर बरीच वर्षे काम केलेला माणूस म्हणून या चर्चेत एक जुना संदर्भ आणावासा वाटतो. भरताच्या नाट्यशास्त्राच्या आठव्या अध्यायात 36 दृष्टी (नजरेचे प्रकार) सांगितल्या आहेत: आठ रसांच्या, आठ स्थायी (टिकून राहणाऱ्या) भावांच्या आणि वीस संचारी (येणाऱ्या-जाणाऱ्या) भावांच्या. करुण दृष्टीचे वर्णन पाहा. वरची पापणी खाली आलेली, डोळ्यांत अश्रू, दुःखाने मंदावलेले बुबुळ आणि नाकाच्या शेंड्यावर स्थिरावलेली नजर. नटाला डोळ्याचा आकार बदलता येत नाही. त्याच्या हाती फक्त पापणी, बुबुळ आणि नजर एवढेच असते. मांगाच्या चित्रकाराला डोळा काढून तिथे बदाम ठेवता येतो, हे त्याचे स्वातंत्र्य आहे.

आपल्याकडील शिल्प आणि चित्रांतही डोळ्याला वस्तूचा आकार दिलेला आहेच. जळगावहून अजिंठा फार दूर नाही. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीचे अर्धोन्मीलित डोळे कमळाच्या पाकळीसारखे आहेत, आणि मीनाक्षी, मृगनयना हे शब्द तर आपण रोज नावांत वापरतो. पण ही उपमा त्या व्यक्तीच्या स्वभावाची आणि रूपाची आहे; ती प्रसंगागणिक बदलत नाही. पद्मपाणी घाबरला म्हणून त्याचे डोळे माशाचे होत नाहीत. मांगातील चिन्ह नेमके याच्या उलट आहे: क्षणात येते आणि पुढच्या चौकटीत नाहीसे होते. आपल्या परिभाषेत सांगायचे तर ते संचारी भावाचे चिन्ह आहे. लोभ, भोवळ, मोह हे सगळे येणारे-जाणारे आहेत.

यावरून मला त्या मुलीची रचना फार विचारपूर्वक वाटते. लोभाला चिन्ह, धक्क्याला चिन्ह, सुन्नपणाला चिन्ह; परंतु दुःख जेव्हा मुक्कामाला आले, तेव्हा तिने सगळी चिन्हे बाजूला ठेवली आणि पूर्ण डोळा काढला. चौथ्या चौकटीतही तिने भोवरा किंवा फुली काढली असती, तर ते वडील हास्यास्पद झाले असते. यावलच्या भाऊंची हरकत मला मान्य आहे, पण ही चित्रकथा त्या हरकतीला लागू होत नाही. जिला पूर्ण डोळा काढता येतो, तिनेच तीन चौकटींत तो काढायचा नाही असे ठरवले आहे.

धुळेकर_वाचक यांचे उत्तर

नाट्यवेडा सर, आपल्या विभागणीला एक अपवाद सुचवतो. 2020 साली सुरू झालेल्या 'ओशि नो को'मध्ये आइ होशिनो या गायिकेच्या दोन्ही डोळ्यांत कायमची चांदणी आहे, आणि तिच्या जुळ्या मुलांच्या एकेका डोळ्यात. 'होशि' म्हणजे जपानीत चांदणी, त्यामुळे आडनावच डोळ्यात उतरले आहे. ही चांदणी पद्मपाणीच्या कमळासारखी रूपाचा भाग आहे, पण सूडाच्या विचाराने तीच काळी पडते. म्हणजे एकाच चिन्हात स्थायी आणि संचारी दोन्ही राहू शकतात.

पालक महोदयांसाठी एक गोष्ट. 2007 साली होक्काइदो विद्यापीठाचे मासाकी युकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की चेहऱ्यावरील भाव ओळखताना जपानी लोक डोळ्यांना अधिक महत्त्व देतात आणि अमेरिकी लोक तोंडाला. आपली मुले दिवसभर मोबाइलवर बदामाच्या डोळ्यांचे हसरे चेहरे पाठवत असतात. ही सवय आता त्यांच्या हातात आहे. ती बंद करण्यापेक्षा आपण सुचवलेल्या भुवया आणि ओठ तिच्या जोडीला शिकवले, तर अधिक उपयोग होईल असे मला वाटते.

केळीपट्टा_चित्रकला यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. आज मधल्या सुट्टीत मी त्या विद्यार्थिनीला जवळ बसवून चारही चौकटींबद्दल विचारले. पहिल्या तिन्हींविषयी तिने आपण सर्वांनी सांगितले तेच, तिच्या शब्दांत, अगदी सहज सांगितले; ठिपक्यांचे डोळे म्हणजे "काहीच सुचत नाही" असे ती म्हणाली. चौथ्या चौकटीबद्दल मात्र ती थोडा वेळ गप्प राहिली. पहिल्या तीन चौकटींत वडील केळीकडे आणि आभाळाकडे पाहत आहेत, चौथीत ते तिच्याकडे पाहत आहेत, म्हणून तिथे खरे डोळे काढावे लागले, असे तिने सांगितले. चमक काढलेली नाही याकडे मी लक्ष वेधले, तेव्हा ती म्हणाली, "बाई, काढली होती, मग खोडली." कागद तिरपा धरून पाहिला, तर दोन्ही बुबुळांवर रबराचा खरवडा दिसतो.

यावलच्या भाऊंचे म्हणणे मनात ठेवून पुढच्या आठवड्यापासून नववीच्या वर्गाला मी एकच प्रसंग दोनदा काढायला देणार आहे, एकदा चिन्हांच्या डोळ्यांनी आणि एकदा आरशात स्वतःचा डोळा पाहून. चित्रकथा शाळेच्या फलकावर लावायची होती, परंतु वडिलांना आधी दाखवते असे सांगून ती मुलगी ती घरी घेऊन गेली आहे.