मदत हवी आहे: कर्क्युमिनने मेलेली कॅन्डिडा, अपॉप्टोसिस कसा सिद्ध करू?

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी कॅन्डिडा अल्बिकन्स या यीस्टवर कर्क्युमिनचा (हळदीतल्या पिवळ्या घटकाचा) परिणाम बघते आहे. यीस्ट मरतं यात शंका नाही, प्लेटवर वसाहती स्पष्ट कमी होतात. अडलंय ते कसं मरतं इथे. पटल फाटून एकदम, की आतून टप्प्याटप्प्याने, म्हणजे अपॉप्टोसिसने (पेशीच्या ठरवून होणाऱ्या मृत्यूने)?

वाचलेला क्रम असा: पेशीत आरओएस (ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपं) वाढतात, मायटोकॉन्ड्रियाचं पटल-विभव (पटलावरचा विद्युत फरक) ढासळतं, त्यातलं सायटोक्रोम सी हे प्रथिन बाहेर पडतं, मेटाकॅस्पेज हे प्रथिनं कापणारं एन्झाइम जागं होतं आणि शेवटी डीएनएचे तुकडे पडतात. म्हणून सुरुवात आरओएसपासून केली. आरओएस असले की हिरवा चमकणारा डीसीएफएच-डीए हा डाय घातला, दोन तासांनी मायक्रोस्कोपखाली सगळ्या पेशी हिरव्यागार! गाईडना फोटो दाखवला तर त्यांनी एकच विचारलं, "डाय न घालता बघितलंस का?"

बघितलं. नुसतं कर्क्युमिन, तरीही हिरव्याच. ते स्वतःच निळ्या प्रकाशात हिरवं चमकतं हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. डीएमएसओचा (कर्क्युमिन ज्यात विरघळवतात त्या द्रावकाचा) कंट्रोल ठेवला होता, हा बिनडायचा नव्हता. फार वाईट वाटलं.

हाताशी एवढंच उरलंय की त्या वेळी बहुतेक पेशी प्रोपिडियम आयोडाइड (पीआय, फाटक्या पटलातूनच आत शिरणारा डाय) आत घेत नाहीत, म्हणजे पटल शाबूत आहे. पण तेवढ्यावर अपॉप्टोसिस म्हणता येणार नाही ना? पुढे ॲनेक्सिन-एफआयटीसी (अपॉप्टोसिसमध्ये पटलाच्या बाहेरच्या बाजूला येणाऱ्या लिपिडला चिकटणारं, डाय जोडलेलं प्रथिन) करायचं ठरलं होतं, तोही हिरवाच. काय करू?

प्रतिसाद:

डीसीएफएच-डीएचे आकडे सोडून द्या, वाचवत बसू नका. आरओएससाठी डायहायड्रोइथिडियम हा डाय वापरा, तो लाल दिसतो. फक्त पीआयही लाल, म्हणून दोन्हींच्या ट्यूब वेगळ्या ठेवा. त्याआधी मात्र बिनरंगाचा प्रयोग करा: एन-ॲसिटिल सिस्टीन (आरओएस शमवणारं अँटिऑक्सिडंट) आधी तासभर द्या, मग कर्क्युमिन घालून वसाहती मोजा. त्या वाचल्या तर आरओएसचा मृत्यूत हात आहे. कर्क्युमिन घालण्यापूर्वी पेशी नीट धुवा, नाहीतर सिस्टीनचा थायॉल (गंधकाचा) गट कर्क्युमिनलाच चिकटेल आणि औषधच निकामी झाल्यामुळे पेशी वाचल्यासारख्या दिसतील.

ॲनेक्सिन लाल लेबलचा घ्या. पेशीभित्तिका असताना तो पटलापर्यंत पोचत नाही, तेव्हा झायमोलेज या एन्झाइमने ती काढा आणि स्फेरोप्लास्ट (भित्तिका काढलेल्या पेशी) सॉर्बिटॉलच्या द्रावणातच ठेवा, साध्या बफरमध्ये फुटतात. आणि प्राण्यांच्या पेशींसाठीचं कॅस्पेज (प्राण्यांत अपॉप्टोसिस घडवणारं एन्झाइम) किट पॉझिटिव्ह आलं म्हणून हुरळू नका. कॅस्पेज प्रथिनं ॲस्पार्टेट या अमिनो आम्लापाशी कापतं, यीस्टचं मेटाकॅस्पेज आर्जिनिन किंवा लायसिनपाशी. तो पुरावा परीक्षक मान्य करणार नाहीत.