‘निदान मधुमेह’

कानामात्रा
रुग्णाला घरी सोडताना देतात त्या कागदाचा मराठी मसुदा करतेय. डायग्नोसिसच्या रकान्याला साहजिकच ‘निदान’ लिहिलं. छपाईत पुढचा अपूर्णविराम उडाला आणि कागदावर आलं, ‘निदान मधुमेह’. एका आजींनी ते वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि मला विचारलं, “निदान मधुमेह, म्हणजे बाकीचं अजून सांगायचं राहिलंय का गं?” चेहरा पार उतरला होता त्यांचा. मी समजावलं, पण तेव्हापासून हा शब्द मला खुपतोय. अपूर्णविराम परत घातला तर तो अक्षराला चिकटून विसर्गासारखा दिसतो. पर्याय सुचवा. छोटा हवा, रकाना अरुंद आहे.

नाडीपरीक्षा
‘रोगनिदान’ लिहा. आधी ‘रोग’ आला की ‘किमान’ हा अर्थ कुणाच्या मनातही येत नाही. मी वर्षानुवर्षं हेच लिहितो.

दंडान्वय
मुळात ‘निदान’ म्हणजे डायग्नोसिस नव्हेच. आयुर्वेदातलं निदानपंचक पाहा: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय, संप्राप्ती. यात निदान म्हणजे कारण. पाचांच्या आधारे रोग ओळखायचा. बौद्धांची बारा निदानं हीसुद्धा कारणांचीच साखळी. ग्रीक डायग्नोसिसचा अर्थ वेगळं करून जाणणं, त्याच्या जवळ जातो तो ‘विनिश्चय’. ज्याला सगळे माधवनिदान म्हणतात, त्या ग्रंथाचं मूळ नावही ‘रोगविनिश्चय’. चांगला शब्द घरात असताना चुकीचा का चालवायचा?

रात्रपाळी
मी वॉर्डात काम करते. पहाटे तीनला आलेल्या बाईच्या मुलापुढे ‘रोगविनिश्चय’ असा कागद ठेवायचा? तो एवढंच विचारतो, “सिस्टर, काय निघालं?” लोकांचा शब्द तोच आहे, निघणं. तपासणीत काय निघालं, साखर निघाली, खडा निघाला. रकान्यात सरळ ‘आजार’ लिहा.

नाडीपरीक्षा
मांडीचं हाड मोडलं तर तो आजार का? आणि दाखल करताना लिहितो ते बहुतेक वेळा तात्पुरतंच असतं. उपाशीपोटी साखर १२६ च्या वर आली तरी त्रास नसेल तर पुन्हा तपासल्याशिवाय मी मधुमेहाचा शिक्का मारत नाही. ‘तात्पुरतं निदान’ म्हणता येतं, ‘तात्पुरता आजार’ म्हटलं तर माणूस समजेल, आठवड्यात बरा होईन.

दंडान्वय
शिवाय ‘आजार’ फारसी आहे.

जुनीवही
फारसी असेल, पण आजारी पडल्यावर सगळे तोच शब्द वापरतात, तुम्हीसुद्धा. ‘किमान’ या अर्थाबद्दल माझा तर्क असा: निदान म्हणजे मूळ, मूळ म्हणजे तळ, तळ म्हणजे शेवटची हद्द. जुन्या मराठीत ‘निदानी’ म्हणजे अखेरीस. त्यातूनच ‘निदान एवढं तरी कर’ आलं असावं. तेव्हा आजी चुकल्या नाहीत. त्या रोजचं मराठी वाचत होत्या.

रात्रपाळी
याहून मोठा घोळ ‘सकारात्मक’ने होतो. “चाचणी सकारात्मक आली आहे” हे वाचून एका माणसाने घरी फोन लावला, “सगळं ठीक आहे, काळजी करू नका.” तो फोन ठेवेपर्यंत मी शेजारी उभी होते, आणि मग मलाच सांगावं लागलं. तिथे पॉझिटिव्हच लिहा, नाहीतर ‘जंतू आढळले’ असं सरळ लिहा.

नाडीपरीक्षा
हे पटलं. ‘आढळले नाहीत’ हे ‘नकारात्मक’पेक्षा प्रामाणिकही आहे. नमुन्यात आढळले नाहीत म्हणजे शरीरात नाहीतच असं नव्हे. नमुना फार लवकर घेतला असेल, नीट घेतला गेला नसेल.

दंडान्वय
असं प्रत्येक शब्दाला इंग्रजी नाहीतर वाक्यच्या वाक्य ठेवत गेलात, तर मराठीत परिभाषा उरणार नाही. आपल्याकडे किती नेमके शब्द आहेत! ‘शुश्रूषा’ घ्या. श्रु धातूचं इच्छार्थक रूप, मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. रोग्याची सेवा म्हणजे आधी त्याचं ऐकणं.

रात्रपाळी
हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं शब्द वापरतेय. दुखणं शून्य ते दहामध्ये किती, असं विचारायची पद्धत आहे. एक बाई आकडाच सांगेना, नुसती पलंगाची कड घट्ट धरून होती. दहा मिनिटं बसले शेजारी, तेव्हा म्हणाली, “कुशीवर वळले की जीव जातो.” आकड्यातून मला हे कधीच कळलं नसतं.

कानामात्रा
रकाना राहिलाच बाजूला. आणि त्याखाली दुसरा आहे, प्रोग्नोसिसचा, म्हणजे आजार पुढे कसा जाईल त्याचा. तिथे कुणीतरी ‘भाकीत’ लिहून ठेवलंय.

दंडान्वय
त्यासाठी तर शास्त्रात चार पायऱ्या आहेत: सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य, असाध्य. याप्य म्हणजे पूर्ण बरा होत नाही, पण उपचार चालू असेपर्यंत माणूस चालता राहतो. कालयापनातलं ‘यापन’ तेच. मधुमेह बहुतेकांच्या बाबतीत नेमका हाच.

नाडीपरीक्षा
‘हा बरा होत नाही’ म्हटल्यावर समोरचा माणूस पुढचं काहीच ऐकत नाही, म्हणून मी ते वाक्य टाळत आलोय. याप्यमध्ये ‘औषध सोडू नका’ आपोआप येतं. पण हा शब्द रुग्णाला समजणार कसा?

जुनीवही
‘आटोक्यात राहणारा’. साखर आटोक्यात आहे का, हे तर लोक रोजच विचारतात.

दंडान्वय
आटोक्यात आज असेल, उद्या नसेल. याप्य हा रोगाचा स्वभाव आहे, आजची स्थिती नव्हे. दोन्ही एक करू नका.

रात्रपाळी
आजींना काय सांगितलंत शेवटी?

कानामात्रा
“फक्त मधुमेह आहे, दुसरं काही निघालं नाही,” असं. त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं आणि ‘निदान’ खोडून त्यावर ‘फक्त’ लिहिलं. आता कागदावर ‘फक्त मधुमेह’ आहे. ते डॉक्टरांना चालणार नाही. मसुदा उद्या द्यायचाय.

नाडीपरीक्षा
‘फक्त’ नको हो. उद्या त्या गोळ्या बंद करतील.