मदत हवी आहे: बचत गटाच्या बँक कर्जातून सभासदांची महाग कर्जे फेडता येतील का?

नमस्कार. धाराशिव जिल्ह्यातील एका महिला बचत गटाची मी सचिव आहे. आमचा दहा जणींचा गट 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाशी जोडलेला आहे. बँकेची पहिली दोन कर्जे आम्ही वेळेत फेडली असून आता तिसऱ्या कर्जासाठी पतआराखडा (कोणत्या सभासदाला कशासाठी किती कर्ज हवे, याचा आराखडा) तयार करायचा आहे.

अडचण अशी की, चौघींनी मायक्रोफायनान्स कंपन्यांकडूनही कर्ज घेतले आहे. त्यांपैकी एका ताईंनी 40,000 रुपयांत तीन उस्मानाबादी शेळ्या घेतल्या. शेळी गाभण राहिल्यापासून पाच महिन्यांनी विते आणि करडू विकण्याजोगे होईपर्यंत आणखी सहा-आठ महिने जातात; हप्ता मात्र पंधराव्या दिवसापासूनच, दर पंधरवड्याला 980 रुपये, असा सुरू झाला. पहिले करडू बाजारात जाईपर्यंत जवळपास 25,000 रुपये खुरपणीच्या मजुरीतूनच भरावे लागणार होते. उन्हाळ्यात मजुरी मिळेनाशी झाली, तेव्हा ताईंनी हप्त्यासाठी गाभण शेळी विकली. शेळीपालन तोट्याचे होते असे मी म्हणणार नाही, कारण शेळ्या निरोगी होत्या आणि ताईंची मेहनतही कमी नव्हती. डेअरीला दूध घालणाऱ्या आमच्याच दुसऱ्या सभासदाला दर दहा दिवसांनी बिल मिळते, त्यामुळे तेवढाच हप्ता तिला जड गेला नाही. पैसा हाती येण्याचा काळ आणि हप्त्याचा काळ जुळला नाही, हेच मला मूळ कारण वाटते. त्यात कर्ज सामूहिक जबाबदारीचे असल्याने एकीचा हप्ता चुकला की शेजारणींना भरावा लागतो, आणि ती कटुता आमच्या गटाच्या बैठकीतही येते. याचे मला फार वाईट वाटते.

अभियानाशी जोडलेल्या महिला बचत गटांना 3 लाखांपर्यंतचे कर्ज 7 टक्के दराने मिळते, आणि रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार ते सभासदांची जास्त व्याजाची कर्जे फेडण्यासाठीही वापरता येते. मायक्रोफायनान्स कर्ज मुदतीपूर्वी फेडल्यास दंड आकारता येत नाही, हा नियमही 2022 पासून लागू आहे. तरीही शाखेतील अधिकाऱ्यांनी "कर्ज फक्त व्यवसायासाठीच दाखवा" असे तोंडी सांगितले.

ज्या गटांनी बँक कर्जातून सभासदांचे असे महाग कर्ज फेडले आहे, त्यांनी पतआराखड्यात त्याची नोंद कोणत्या शब्दांत केली आणि बैठकीचा ठराव कसा लिहिला, ते कृपया सांगावे. रक्कम सभासदाच्या हाती न देता गटाने थेट कंपनीकडे भरली तर चालते का, आणि 'कर्ज नील' असल्याचा दाखला मिळायला किती दिवस लागतात? शेळीपालन करणाऱ्या सभासदांकडून पहिले वर्ष केवळ व्याज घेऊन मुद्दल करडे विकल्यावर घ्यावी, असा अंतर्गत नियम कोणी केला असल्यास त्या काळात बँकेचा हप्ता गटाने कशातून भरला, हेही समजून घ्यायचे आहे.

आराखडा पुढील महिन्याच्या बैठकीत मांडायचा आहे. चौघींची कर्जकार्डे माझ्याकडे आहेत. आणखी माहिती लागल्यास विचारावी, मी लिहीन.