हॉटेलचं बुकिंग करताना फोटोबाहेरचं काय शोधता? तुमचे अनुभव सांगा

इंदिरानगर (धागा लिहिणारी)

मे महिन्यात आईला घेऊन एका थंड हवेच्या ठिकाणी गेले होते. आई ७४ वर्षांची. गुडघे दुखतात, सावकाश चालते, पण चालते. हॉटेल मीच शोधलं होतं, तीन रात्री जागून. रेटिंग ४.३. ‘तळमजल्यावरची खोली हवी’ असं लिहून कळवलं होतं आणि तसा होकारही आला होता. खोली तळमजल्यावरच होती. पण हॉटेल उतारावर, आणि गाडी थांबते तिथून रिसेप्शनपर्यंत खाली ३१ पायऱ्या. कठडा नाही. आई पहिल्या पायरीशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, “उतरेन गं, पण उद्या वर कशी येणार?” दोन दिवस ती खोलीतच बसून होती. आम्ही फिरून यायचो आणि तिला मोबाईलवर फोटो दाखवायचो.

हॉटेलवाल्यानं खोटं काही सांगितलं नव्हतं. पायऱ्यांचं मी विचारलंच नाही, आणि हॉटेलच्या २६ फोटोंत त्या कुठंही नव्हत्या.

आता दिवाळीनंतर तारकर्लीला जायचं ठरतंय, वाटेत कोल्हापूरला एक मुक्काम. या वेळी आई समुद्रापर्यंत पोचली पाहिजे. नाशिकच्या मंडळींनी आपापले अनुभव लिहा. ॲप, नकाशा, रिव्ह्यू यांतून तुम्ही नेमकं काय शोधता आणि कुठं फसलात?

महात्मानगर

ताई, हॉटेलनं टाकलेले फोटो मी आता बघतच नाही. नकाशावर त्या हॉटेलचं नाव उघडायचं, फोटोंत जायचं आणि पाहुण्यांनी टाकलेले, त्यातही सगळ्यांत नवे आधी बघायचे. लोक नाश्त्याच्या ताटाचा फोटो काढतात, त्यात जेवणघर दिसतं. निघताना दारात घरच्या सगळ्यांचा फोटो काढतात, त्यात मागं जिना दिसतो. माझ्या सासऱ्यांना कमोड लागतो. एका ठिकाणी कुणीतरी गळक्या नळाची तक्रार म्हणून बाथरूमचा फोटो टाकला होता, त्यावरून कळलं की तिथं भारतीय पद्धतीचा संडास आहे. बुकिंग करता करता थांबलो.

शहरात मुक्काम असेल तर नकाशातला स्ट्रीट व्ह्यू, म्हणजे रस्त्यावरून काढलेले चौफेर फोटो, तेसुद्धा बघा. २०२२ मध्ये ही सोय भारतात नव्यानं सुरू झाली, तेव्हाच्या पहिल्या दहा शहरांत आपलं नाशिक होतं, पुणेही होतं. भाचीच्या लग्नाला पुण्यात राहायचं होतं तेव्हा मी हॉटेलसमोरच्या रस्त्यानं स्क्रीनवरच दोन्ही बाजूंना पाचशे मीटर जाऊन आलो. शेजारी मंगल कार्यालय निघालं. लग्नसराईत रात्री बारापर्यंत बँड चालला असता. दुसरं हॉटेल घेतलं.

सिडको

अंतराचं सांगते. काजव्यांच्या दिवसांत भंडारदऱ्याला गेलो होतो. ॲपवर ‘धरणापासून ६ किमी’ लिहिलेलं. आम्ही धरणाजवळच्या शेंडी गावात पोचलो, नकाशा लावला तर अजून वीस किलोमीटरच्या वर रस्ता, तोही अंधारात, वळणावळणाचा. ते सहा किलोमीटर सरळ रेषेत, पाण्यावरून मोजलेले होते. राहण्याची जागा जलाशयाच्या पलीकडच्या अंगाला होती. मागच्या सीटवर लेकरं रडकुंडीला आलेली, मोबाईलला रेंज नाही.

तेव्हापासून ॲपवरचं अंतर धरायचंच नाही असं ठरवलंय. नकाशात हॉटेल ते जायचं ठिकाण असा गाडीचा रस्ता टाकायचा आणि निघण्याची वेळही आपली घालायची. शनिवारी संध्याकाळचं वाटेतलं घोटी आणि मंगळवारी दुपारचं घोटी यांत फार फरक पडतो. आणि नकाशा घरीच डाउनलोड करून घ्या. घाटात रेंज गेली तरी तो चालतो.

पंचवटी

आमच्याकडे उलटी गोष्ट. आम्ही कुठं जात नाही, पाहुणे आमच्या गावी येतात, आणि हॉटेल बघून द्यायचं काम माझ्याकडं.

बाहेरगावच्या लोकांना ‘नाशिक’ म्हणजे एकच ठिकाण वाटतं. ॲपवर नाशिक टाकलं की इगतपुरीची रिसॉर्टही येतात, नाशिकरोडची लॉजही येतात आणि हायवेवरची हॉटेलंही. नाशिकरोड स्टेशनपासून रामकुंड दहा किलोमीटरच्या आसपास, त्र्यंबकेश्वर शहरापासून जवळजवळ तीस. नागपूरचा माझा आतेभाऊ नारायण-नागबळीसाठी आला होता. तो विधी त्र्यंबकला होतो आणि तीन दिवस चालतो. यानं स्वस्त पडतं म्हणून आडगावच्या बाजूला तीन रात्रींचं बुकिंग केलं, परत न मिळणाऱ्या दरात. रोज पहाटे सोवळ्याचं गाठोडं घेऊन सगळं शहर ओलांडून जायचं आणि संध्याकाळी परत. दुसऱ्या दिवशी वहिनींना ताप भरला.

आता कुणी हॉटेलबद्दल विचारलं की मी आधी एवढंच विचारतो, पहाटे पाच वाजता तुम्हाला कुठं हजर असायचंय? अस्थिविसर्जन, दशक्रिया असेल तर गंगेवर, म्हणजे गोदावरीवर रामकुंडाशी, चालत जाता येईल असं. सप्तशृंगीला जायचं असेल तर दिंडोरी रोडच्या अंगाला. शिर्डी करून परत जाणार असतील तर नाशिकरोड बरं.

गंगापूर रोड

हिशेबाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पेशानं कर सल्लागार आहे.

ॲपवर ठळक अक्षरांत दिसतो तो दर बहुतेक वेळा कराआधीचा असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असलेल्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, आधी १२ होता. ७,५०० च्या वर गेलं की १८. म्हणजे ७,५०० ची खोली ७,८७५ ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. शंभर रुपयांच्या फरकानं हजाराच्या वर जास्त. सणाच्या दिवसांत दर नेमके या रेषेच्या आसपास फिरतात, तेव्हा एक दिवस पुढं-मागं करून बघा. तुलना करायची ती शेवटच्या पानावरची रक्कम बघून, पहिल्या पानावरची नव्हे.

‘फुकट रद्द’ हे शब्द दिसले तर त्याखालची तारीख आणि वेळ वाचा. मी त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवतो आणि मोबाईलमध्ये मुदतीच्या आदल्या दिवसाचा गजर लावतो.

सातपूर

मला हे लिहायला जड जातंय, पण कुणाचे तरी पैसे वाचतील.

वडिलांना एका तीर्थक्षेत्री जायचं होतं. तिथल्या भक्तनिवासाचं नाव शोधलं, सगळ्यांत वर आलेल्या दुव्यावर गेलो. देवळाचा फोटो, खोल्यांचे दर, व्हॉट्सॲप नंबर, सगळं व्यवस्थित. समोरचा माणूस ‘माउली’ म्हणून बोलला. क्यूआर कोड पाठवला. स्कॅन केल्यावर स्क्रीनवर संस्थानाचं नाव यायला हवं होतं, आलं एका माणसाचं. ते मी वाचलंसुद्धा, आणि वाटलं, असेल कुणीतरी कारकून. ३,२०० रुपये भरले. मग ‘अनामत’ म्हणून आणखी ५,००० मागितले तेव्हा माझे हात गार पडले.

लगेच १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तक्रार केली. पैसे अजून आलेले नाहीत. वडील मला काही बोलले नाहीत, देवाला जायचं मात्र त्यांनी रद्द केलं, ते लागलं मनाला.

शोधल्यावर वर येणारे पहिले दुवे जाहिरातींचे असू शकतात. नकाशावरचा फोन नंबरही कुणालाही बदल सुचवून बदलून घेता येतो. संस्थानाचं भक्तनिवास असेल तर संस्थानाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच जा. पैसे भरताना यूपीआयवर येणारं नाव वाचा, आणि खटकलं तर तिथंच थांबा.

त्र्यंबक रोड (छोटं हॉटेल चालवतो)

सातपूरच्या दादांचं वाचून वाईट वाटलं. हॉटेलवाल्याच्या बाजूनंही थोडं सांगतो. माझ्या १४ खोल्या आहेत.

ॲपवरून आलेल्या बुकिंगमागं माझे पंधरा-वीस टक्के कमिशनचे जातात. म्हणून थेट फोन केलात तर मी दर थोडा कमी करू शकतो, किंवा त्याच दरात नाश्ता देतो. बहुतेक छोटी हॉटेलं देतील, विचारत चला. पण थेट बुकिंगमध्ये दर, तारीख, खोलीचा प्रकार आणि रद्द केल्यास काय, हे व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. उद्या काउंटरवर माणूस दुसरा असतो.

दुसरी अडचण अशी. माझ्याकडं एक वही आहे आणि एक मोबाईल. फोनवर खोली दिली की मी वहीत लिहितो, मग ॲपमध्ये जाऊन ती बंद करतो. श्रावणी सोमवारी काउंटरसमोर दहा माणसं उभी असतात, ते बंद करायचं राहून जातं आणि तीच खोली दोनदा जाते. माझ्याकडून असं दोनदा झालंय. एकदा तर रात्री साडेदहाला एका कुटुंबाला शेजारच्यांकडं सोय करून द्यावी लागली, त्यांच्या लहान मुलीचा पेंगुळलेला चेहरा अजून आठवतो. म्हणून सांगतो, गर्दीच्या दिवसांत आदल्या दिवशी हॉटेलला फोन करून बुकिंग क्रमांक सांगा. आमचीही चूक वेळेत सापडते.

कुंभमेळ्यासाठी आत्तापासून विचारणा सुरू आहे. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात स्नानाच्या पर्वण्या आहेत. त्या तारखांचं बुकिंग कुणी तोंडी देत असेल तर घेऊ नका.

कॉलेज रोड

आम्ही चुलत-मावस मिळून १४ जण जातो. एकच शीट करतो आणि सगळ्यांना लिहायला उघडी ठेवतो. ओळीत हॉटेलं, रकान्यात प्रत्येकाची गरज. काकांच्या रकान्यात ‘गाडी लावायला जागा’, मावशीच्या रकान्यात ‘कांदा-लसणाशिवाय जेवण’, ताईच्या रकान्यात ‘रात्री दूध गरम करून मिळेल का’. ज्याची गरज, त्यानंच फोन करून रकाना भरायचा.

एआयलाही विचारून बघितलं. सापुताऱ्याला तळ्याकाठी म्हणून त्यानं एक हॉटेल सुचवलं, वर्णनही छान. नकाशावर त्या नावाचं तिथं काही नव्हतं. आता मी त्याला हॉटेल विचारत नाही. ‘दोन म्हाताऱ्या माणसांना आणि एका तान्ह्या बाळाला घेऊन जातोय, हॉटेलला काय काय विचारू?’ एवढंच विचारते. ती यादी चांगली करून देतो.

नाशिकरोड

ताई, कोकणाचं म्हणून सांगतो, रिव्ह्यू महिना बघून वाचा. जुलैत लोक लिहितात की चादरी दमट, कुबट वास, दिवसभर वीज नाही. त्याच घराबद्दल डिसेंबरात सगळे खूश. तुम्ही दिवाळीनंतर जाताय, तर मागच्या वर्षीचे नोव्हेंबरचे रिव्ह्यू शोधा. रिव्ह्यूंच्या आत शब्द टाकून शोधता येतं. ‘गरम पाणी’, ‘जिना’, ‘लिफ्ट’, ‘मच्छर’ हे शब्द मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्हींत टाका. रिव्ह्यू कोण लिहू शकतं हेही बघा. काही ठिकाणी बुकिंग करून राहिलेल्यालाच लिहिता येतं, काही ठिकाणी कुणालाही.

तारकर्लीला एमटीडीसीचं (राज्याच्या पर्यटन महामंडळाचं) रिसॉर्ट आहे, बुकिंग त्यांच्या संकेतस्थळावर होतं. घरगुती निवासही भरपूर आहेत, जेवण घरचं मिळतं. घरवाल्या काकूंशी एकदा फोनवर बोला. आईंबद्दल सांगितलंत की त्या स्वतःहून चार गोष्टी सांगतात.

आणि ओळखपत्र म्हणून आधारचे शेवटचे चारच आकडे दिसतात ती प्रत डाउनलोड करून ठेवा.

इंदिरानगर (धागा लिहिणारी)

सगळ्यांचे मनापासून आभार. सातपूरचे दादा, वडिलांना पुन्हा एकदा विचारून बघा ना, जायचं का म्हणून.

काल रात्री बसले. तारकर्लीतली तीन घरं निवडली. एका घराच्या पाहुण्यांच्या फोटोंत एक लहान मुलगा अंगणात सायकल चालवताना दिसला, आणि त्याच्या मागं खोलीचं दार, जमिनीपासून एकच पायरी वर. तो फोटो मोठा करून आईला दाखवला. चष्मा लावून तिनं बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, “पायरी एकच आहे खरी, पण अंगणात वाळू दिसते. वाळूत काठी रुतते. दारापासून पाण्यापर्यंत फरशी आहे का ते विचार.”

सकाळी दहाला तिथल्या काकूंना फोन केला. घरापासून माडाच्या बागेतून सिमेंटची पायवाट आहे, शेवटची पन्नासएक पावलं वाळू. त्या म्हणाल्या, तिथपर्यंत खुर्ची आमचा मुलगा नेऊन ठेवील, रोज संध्याकाळी. दर आणि तारखा व्हॉट्सॲपवर लिहून आल्या आहेत. कोल्हापूरचं अजून शोधतेय. तिथं लिफ्ट असलेलं आणि गाडी अगदी दारात थांबेल असं कुणाला माहीत असेल तर सांगा.