चिनी नववर्षाच्या आदल्या रात्रीचा मासा संपवायचा की ठेवायचा?

प्रश्न
बीजिंगमध्ये शिकायला येऊन मला पाच महिने झाले आहेत आणि वसंतोत्सवाच्या, म्हणजे चिनी नववर्षाच्या, आदल्या रात्री एका वर्गमैत्रिणीच्या आईवडिलांनी मला घरी जेवायला बोलावले आहे. पानात वाढलेले संपवायची मला सवय आहे. पण त्या रात्रीचा मासा मुद्दाम उरवतात असे मैत्रीण म्हणाल्यापासून माझा गोंधळ उडाला आहे. यामागचे कारण काय, आणि भेट म्हणून काय न्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पहिले उत्तर
मैत्रीण म्हणते ते खरे आहे. चिनी भाषेत माशाला ‘यू’ म्हणतात आणि ‘शिल्लक’ या अर्थाच्या शब्दाचा उच्चारही तोच आहे. त्यामुळे ‘नियान नियान यौ यू’, म्हणजे दरवर्षी काही शिल्लक राहो, या शुभेच्छेत मासाही ऐकू येतो. काही घरांत अख्ख्या शिजवलेल्या माशातला थोडा खाऊन बाकीचा दुसऱ्या दिवसासाठी ठेवतात, तर काही घरांत त्याला त्या रात्री हातही लावत नाहीत. म्हणून यजमानांची चॉपस्टिक माशाकडे वळेपर्यंत थांबावे, हे उत्तम. भेट म्हणून संत्र्यांची किंवा सफरचंदांची पेटी चालेल. घड्याळ मात्र मुळीच नेऊ नये, कारण ‘घड्याळ देणे’ हे शब्द ‘अखेरचा निरोप देणे’ यासारखे ऐकू येतात.

दुसरे उत्तर
माशापेक्षा जियाओझची, म्हणजे सारण भरलेल्या चिनी मोदकांची, तयारी ठेवा. ईशान्य चीनमधल्या शेनयांगला मी काही वर्षे राहिलो. तिथे संध्याकाळपासून सगळे घर टेबलाभोवती बसून कणकेच्या पाऱ्या लाटत असे आणि डुकराचे मांस व चिनी कोबीचे सारण भरून, जुन्या काळच्या चांदीच्या लगडीसारखा आकार देत कडा दाबत असे. एखाद्यात स्वच्छ धुतलेले नाणे लपवतात. ज्याला ते सापडेल त्याचे वर्ष चांगले जाणार, तेव्हा पहिला घास जपून चावा. सोबत व्हिनेगरमध्ये मुरवलेला लसूण असतो. चांद्र पंचांगातल्या बाराव्या महिन्याच्या आठव्या दिवशी सोललेल्या पाकळ्या बरणीत घालतात आणि नववर्ष येईतो त्या चक्क हिरव्या होतात. पहिल्यांदा पाहताना तो नासला आहे असेच मला वाटले होते.

तिसरे उत्तर
वरील वर्णन उत्तरेपुरतेच खरे आहे. दक्षिणेकडच्या ग्वांगझूच्या घरांत या सणाला जियाओझ असतीलच असे नाही. तिथे मान नियानगाओचा, म्हणजे चिकट तांदळाच्या पिठात गूळसाखर घालून वाफवलेल्या वडीचा, आणि तिचे काप अंड्यात बुडवून तव्यावर परततात. ‘गाओ’चा उच्चार ‘उंच’ या शब्दासारखा असल्याने त्यात दरवर्षी वर चढण्याची इच्छा आली. तेव्हा यजमान मूळचे कुठले, हे आधी विचारावे. घरात लहान मूल असल्यास लाल पाकिटात कोऱ्या नोटा घालून द्याव्यात, पण रकमेत चार हा आकडा नको, कारण तो ‘मृत्यू’च्या उच्चाराशी जुळतो.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. चौकशी केली: मैत्रिणीचे वडील उत्तरेकडच्या हार्बिनचे आणि आई ग्वांगझूची, त्यामुळे दोन्ही पदार्थ होणार आहेत. मासा आईच्या हाती आहे. मला मात्र पाऱ्या लाटण्यासाठी दुपारी तीनलाच बोलावले आहे.