हॅण्ड्सफ्रीवर बोलत गाडी चालवणे खरोखर सुरक्षित आहे का?

प्रश्न – माणदेशी:
नमस्कार. मी शेती औषधांच्या विक्रीचे काम करतो आणि आठवड्यातून चार दिवस मिरज ते सांगोला या रस्त्यावर माझी चारचाकी असते. गाडी चालवताना फोन हातात घ्यायचा नाही, हा नियम मी पहिल्यापासून पाळत आलो आहे. फोन ब्लूटूथने गाडीच्या स्पीकरला जोडलेला असतो आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर असतात. त्यामुळे आपण सुरक्षित आहोत, असेच मी आजवर मानत होतो.

गेल्या गळीत हंगामात, दिवेलागणीच्या सुमारास कवठेमहांकाळ मागे टाकल्यावर वरिष्ठांचा फोन आला. एका दुकानदाराच्या थकलेल्या उधारीचा हिशेब ते विचारत होते आणि मी मनातल्या मनात आकडे जुळवत उत्तरे देत होतो. पुढे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चालला होता. मागे दिवा नव्हता, नुसते लाल फडके बांधलेले होते. माझी नजर सरळ रस्त्यावर होती, ते फडके बराच वेळ माझ्या डोळ्यांसमोर हलत असले पाहिजे, आणि तरीही ते मला दिसले नाही. दिसले तेव्हा मी सर्व ताकदीने ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा उसाचे शेंडे बॉनेटला घासत होते आणि स्पीकरमधून आवाज येत होता, "हॅलो, मग एकूण किती झाले?"

डोळे रस्त्यावर असताना समोरची ट्रॉली दिसू नये, हे कसे घडते? आणि वरिष्ठांचा फोन न उचलण्याची सोय नसलेल्या माणसाने काय करावे?

उत्तर – लालपरी_चालक:
आपण सुखरूप आहात, हे वाचून बरे वाटले. मी एसटीत सत्तावीस वर्षे चालक होतो. चालकाशी बोलू नये, ही सूचना आमच्याकडे मोबाइल येण्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे. कंडक्टरसुद्धा आमच्याशी घंटीनेच बोलत असे: एक घंटी दिली की थांबायचे, दोन दिल्या की निघायचे.

तरीही शेजारी बसलेला माणूस आणि फोनवरचा माणूस यांत मोठा फरक आहे, असे माझा अनुभव सांगतो. घाट लागला, समोरून ट्रक अंगावर आला किंवा म्हैस आडवी आली, की केबिनमध्ये बसलेला माणूस बोलता बोलता आपोआप गप्प होतो, कारण तोही तोच रस्ता पाहत असतो. अनेकदा आपल्या आधी तोच "अहो, जपून" म्हणतो. फोनवरच्या माणसाला आपला रस्ता दिसत नाही. तो नेमक्या वळणावर प्रश्न विचारतो आणि आपण उत्तर द्यायला उशीर केला, तर "ऐकू येतंय ना?" म्हणून तगादा लावतो. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की फोन बंद करून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावा. समोर राहिला की हात आणि कान त्याच्याकडे जातातच.

उत्तर – चित्तवेध:
मी मानसशास्त्र शिकवते, म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नापुरते लिहिते. आपल्याला जो अनुभव आला, त्याचा अभ्यास अमेरिकेतील युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला आहे. वाहन चालवण्याची नक्कल करणाऱ्या यंत्रावर माणसांना बसवून त्यांना हॅण्ड्सफ्रीवर बोलायला लावले, तेव्हा ज्या वस्तूंवर त्यांची नजर प्रत्यक्ष पडली होती, त्यांतल्याही बऱ्याच वस्तू त्यांना नंतर ओळखता आल्या नाहीत. दृष्टी जागेवर असते, पण पाहिलेल्याची दखल घेणारे लक्ष संभाषणात अडकलेले असते. उधारीचे आकडे जुळवण्यासारखे डोके लागणारे बोलणे असेल, तर हे अधिकच घडते.

त्याआधी, १९९७ साली, टोरांटोमधील ६९९ वाहनचालकांच्या फोनच्या नोंदी त्यांच्या अपघातांच्या वेळांशी ताडून पाहण्यात आल्या होत्या. फोनवर बोलत असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट आढळला आणि हॅण्ड्सफ्री वापरणारे हातात फोन धरणाऱ्यांपेक्षा सुरक्षित असल्याचे त्यात दिसले नाही. याचा अर्थ सगळे सारखेच घातक आहे, असा मात्र नव्हे. मेसेज लिहिताना डोळे, हात आणि मन ही तिन्ही एकाच वेळी रस्त्यावरून उठतात, म्हणून तो प्रकार सर्वांत वाईट.

ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीहून थोडे अधिक अंतर कापते. आपले लक्ष हिशेबात असताना अशा किती खेळपट्ट्या मागे गेल्या असतील, याचा विचार करावा.

उत्तर – कलम_आणि_कायदा:
कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने, वाहन चालवताना हातात धरायचे संपर्क उपकरण वापरणे हे धोकादायक वाहन चालवण्याचे उदाहरण म्हणून स्पष्टपणे घातले गेले. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनुसार असे उपकरण केवळ रस्ता शोधण्यासाठी आणि चालकाची एकाग्रता ढळणार नाही अशा रीतीनेच वापरता येते.

कलमाचा रोख हातातल्या उपकरणावर आहे, म्हणून ब्लूटूथवर बोलणाऱ्याला आपण नियमात आहोत असे वाटते. परंतु दंड होत नाही, याचा अर्थ धोका नाही असा होत नाही. हयगयीने वाहन चालवून कोणाचा जीव गेला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि त्या वेळी फोन हातात नव्हता एवढे सांगून सुटका होईल असे समजू नये. आपण वरिष्ठांना हे लेखी कळवावे, असे मी सुचवतो.

उत्तर – सांजवात:
माझे यजमान दुधाचा टँकर चालवतात. मी फोन लावला की पहिला प्रश्न "गाडी चालू आहे का?" हाच विचारते, आणि "हो" म्हणाले की पुढचा शब्द न बोलता ठेवून देते. त्यांनी फोन उचलला नाही तर पूर्वी मी घाबरून पुन्हा पुन्हा लावत असे. आपण स्वतःच त्यांचे लक्ष काढून घेत आहोत, हे समजल्यावर मी ते थांबवले. फोन करणाऱ्यांनीही हे शिकायला हवे, असे मला मनापासून वाटते.

माणदेशी:
सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. चालककाकांनी सांगितलेला फरक मी वरिष्ठांना जसाच्या तसा ऐकवला आणि ट्रॉलीची हकीकतही प्रथमच सांगितली. त्या संध्याकाळी फोनवर आपणच होतो, हे ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आता आमचे असे ठरले आहे की मी कवठेमहांकाळ, नागज फाटा आणि जुनोनी येथे गाडी बाजूला घेऊन फोन पाहीन आणि मधल्या वेळात कोणी उत्तराची वाट पाहणार नाही. काल नागज फाट्यावर थांबलो तेव्हा पाच फोन येऊन गेलेले होते. उलट फोन केले, तर त्यांतल्या तिघांचे काम तोवर परस्पर झालेले होते.